मोगऱ्याची रजा

प्रिय आई,

मोगऱ्याला यंदाही कळी आलेली नाही. काल संध्याकाळी शेजारच्या सुमनकाकूंनी चष्मा लावून, एकेक फांदी उलटी करून पाहिली आणि या गोष्टीला दुजोरा दिला. पाडवा होऊन सहा दिवस झाले. झुडूप कंबरेच्या वर गेलंय, पानं तळहाताएवढी झालीत, आणि फूल म्हणशील तर एक नाही. तू गेल्यानंतरचा हा दुसरा पाडवा, आणि दोन्ही कोरडे गेले.

येत्या रविवारी अंगणात फरशी बसवायला फरशीवाला येणार आहे. सतीशनं त्याला सांगून ठेवलंय.

चिडू नकोस त्याच्यावर. तुझ्या धाकट्या लेकाची अडचण खरी आहे. खालच्या दोन खोल्यांत त्याला क्लासच्या मुलींसाठी अभ्यासिका करायची आहे. त्यांच्या सायकली आणि स्कूट्या रस्त्यावर लागतात, त्यावरून रोज समोरच्यांशी वाद होतात. गेल्या वर्षीच तो म्हणाला होता, "दादा, पुढच्या पाडव्यापर्यंत बघू. फुलला तर ठेवू. नुसताच पाला असेल तर त्या पाल्यापायी अंगण अडवून काय करायचं?" मी हो म्हणालो. मला वाटलं, वर्षभर माझ्यासारखा माणूस मागं लागल्यावर मोगरा काय, विजेचा खांबसुद्धा फुलेल!

तो का फुलला नाही, ते आज सकाळी कळलं. ते सांगायलाच हे पत्र. आणि आधीच सांगतो, मी तुझ्यावर रागावलोय. माझ्यावर तर आहेच, पण तुझ्यावरही.

चौतीस वर्षं मी नांदेडला वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. वेळेत लिहायची मला सवय आहे. वेळेत ऐकायची लागली नाही. तू हजार वेळा म्हणाली असशील, "प्रकाश, तुला फोन करायचा म्हणजे मंत्र्याची वेळ घ्यावी लागते." मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं गं?

निवृत्तीनंतर तू काय करशील, याची आम्हा दोघा भावांना काळजी होती. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवलेली बाई घरात बसून वेडी होईल, असं सतीश म्हणायचा. तू बसलीसच कुठं? दिवाळीच्या फराळाची भांडी घासून होताहेत तोवर तू वाफे करायला लागायचीस. फ्लॉक्स, पिटुनिया, झेंडू आणि तुझा तो लाडका गुलखैरा. बी पुड्यांमध्ये, पुड्या बिस्किटाच्या डब्यात, डब्यावर इयत्तेसारखी चिठ्ठी. "वसंत पंचमीला गुलखैरा माझ्या खांद्याला लागतो, रंगपंचमीला डोक्यावरून जातो," हे तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस. पोस्टमनलासुद्धा.

माघ-फाल्गुनात सकाळी सहाला क्लासची मुलं आपल्या गल्लीतून जायची. पाठीवर ती जड दप्तरं, डोळे अर्धे मिटलेले. तू फाटकाशी उभी. कुणी फुलांकडं बघत थांबलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, गाव कुठलं? किनवटहून आलेली एक मुलगी तुझ्याकडून रोज एक फ्लॉक्सचं फूल मागून न्यायची आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दाबून ठेवायची. सतीशनं तुला चिडवलं होतं, की तुझ्या फुलांमुळं त्याच्या विद्यार्थ्यांना वर्गात यायला उशीर होतो. तू म्हणालीस, "दोन मिनिटं उशीर झाल्यानं कुणी नापास होत नाही. मी सदतीस वर्षं उशिरा आलेल्या पोरांना आत घेतलंय."

ही सगळी बाग मला कळायची. पेरा, पाणी घाला, फुलं येतात. मोगरा मात्र कधी कळला नाही.

तो कुठून आला ते माहीत होतं. भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या तुझ्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. मी तेव्हा नवा वार्ताहर, वही घेऊन आकडे गोळा करत फिरत होतो. तू मला ओळख दिली नाहीस. शेडच्या दारात उभी राहून म्हणालीस, "आकडे तहसीलला मिळतील. इथं आम्ही झाडं लावतोय." पडलेल्या शाळेच्या अंगणातल्या मोगऱ्याचे फाटे मुलांनी दगडांतून काढून आणले होते आणि मदतीत आलेल्या दूध पावडरीच्या डब्यांत माती भरून ती लावत होती. मला ते तेव्हा निरर्थक वाटलं होतं. गाव उरलेलंच नाही, आणि माझी आई बागकाम शिकवतेय! बातमीत मी त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. त्यातला एक डबा तू बदली झाल्यावर लातूरला आणलास. तोच अंगणातला हा मोगरा.

आता ती दुष्काळाची गोष्ट. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीच्या माघात मी घरी आलो होतो. नळ पंधरा पंधरा दिवस येत नव्हता. तू भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून वाफ्यांना देत होतीस. आणि मोगरा? नुसत्या काड्या. एक पान नाही. मला गलबलून आलं. म्हटलं, आई थकली, पाणी पुरत नाही, भूकंपातून वाचवून आणलेलं झाड आता डोळ्यांदेखत वाळून चाललंय आणि ही मानी बाई बोलत नाही.

मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, "असू दे. त्याचं तो बघतो." एवढंच! यातून माणसानं काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी तू सुमनकाकूंकडं गेलीस तेव्हा मी नांदेडहून आणलेला पिण्याच्या पाण्याचा एक अख्खा जार मोगऱ्याच्या बुडाशी ओतला. प्यायचं पाणी, त्या वर्षी, झाडाला! चार दिवसांनी तुझा फोन आला. मोगऱ्याला अवेळी पालवी फुटलीय, तू पाणी घातलंस का? तुझ्या आवाजावरून वाटलं, पिण्याचं पाणी वाया घालवलं म्हणून बोलणी बसणार. मी म्हणालो, नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. त्या वर्षी फुलं थोडीच आली, हे तूच सांगितलंस. मी ते दुष्काळावर टाकलं.

खरं बोललो असतो तर तू सांगितलं असतंस. मग मला पुढचं सगळं कळलं असतं. पण तूही विचारायचं सोडून दिलंस! वर्गात एखादं पोर खोटं बोललं तर खरं काढेपर्यंत त्याला बाकावर उभं ठेवणारी तू. माझ्या बाबतीत इतकी नरम कधीपासून झालीस?

तू गेलीस त्या श्रावणात मी निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. नांदेडचं घर बंद करून इथं आलो. अंगणात बोअर घेतलेली, पाणी हवं तेवढं. मी ठरवलं, आई असताना तो एक जार सोडला तर कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, आता या झाडाला तहान लागू द्यायची नाही. रोज सकाळी एक बादली, उन्हं तापली की दोन. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, सगळं लातूर शेतात भज्जी आणि आंबील खायला गेलं, मी घरी राहून मोगऱ्याला पाणी घातलं. गावाला जायचं झालं तर सतीशच्या बायकोला बजावून जायचो. सुमनकाकू एकदा म्हणाल्या, अरे, तुझी आई इतकं घालत नव्हती. मी त्यांना काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "काकू, तेव्हा पाणी नव्हतं."

आज सकाळी दहाच्या सुमाराला फाटकाशी एक बाई आली. चाळिशीची, सोबत दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. "बाई हायेत का?" म्हणाली. मी विचारलं, कोणत्या बाई? तर तिनं तुझं पूर्ण नाव घेतलं, हजेरी घेतल्यासारखं. तू गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ऐकल्यावर ती तिथंच पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला, रडली नाही. मुलगी ओशाळून बाजूला उभी.

ही ललिता. भूकंपाच्या वर्षी तुझ्या चौथीच्या वर्गात होती. आता शिवणकाम करते. मुलीला दोन वर्षं क्लासला ठेवायचंय, स्वतः सोबत राहून स्वयंपाक करायचाय, म्हणून खोली शोधत फिरतेय. तिला वाटलं, लातुरात आपल्या बाईंचं घर आहे, आधी त्यांना विचारावं.

मी पाणी आणलं. ती पाणी पिता पिता अंगणात बघत होती. मग तांब्या खाली ठेवून मोगऱ्यापाशी गेली. पान चुरगाळून वास घेतला.

"ह्यो शाळेतला का?"

मी हो म्हणालो.

"फुलं न्हाईत?"

"दोन वर्षं नाहीत."

"पाणी कोण घालतंय?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं, की मी घालतो. रोज, न चुकता.

"रोज?" ललिता माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी तू गृहपाठ न केलेल्याकडं बघायचीस. "थंडीतबी?"

"हो. एक दिवस चुकवला नाही."

"मंग कसा फुलंल, भाऊ? तुम्ही त्याला झोपूच दिलं न्हाई."

आणि मग त्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं, तुझ्या अंगणात उभं राहून, मला तुझा धडा शिकवला. येळवस झाली की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. थेंबभर द्यायचं नाही. पानं पिवळी पडतील, गळतील, काड्या राहतील, कुणी हळहळलं तरी ऐकायचं नाही. मग छाटणी. महाशिवरात्रीला बुडाशी शेणखत घालून पहिलं पाणी. पाडव्याच्या आगेमागे कळी. पत्र्याच्या शेडमध्ये तू हे मुलांकडून पाठ करून घेतलं होतंस म्हणे, पाढ्यांसारखं. काड्या झालेला मोगरा बघून पोरं घाबरायची, मेला म्हणायची. तेव्हा तू सांगायचीस, मेला नाही, रजेवर गेलाय. शिवरात्रीला येतो.

रजा! आई, मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

कारण तो शब्द मी वाचला होता. तुझ्या बागेच्या वह्या माझ्याकडं आहेत. तू शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारून फुलांची हजेरी घ्यायचीस, ती मी तुझ्या दिवसांनंतर चाळली होती. फ्लॉक्स तांबडा, हजर. गुलखैरा पांढरा, हजर. पिटुनिया, गैरहजर. आणि मोगऱ्यापुढं येळवशीपासून शिवरात्रीपर्यंत दरवर्षी एकच शब्द, रजा. मला वाटलं, नोंद करण्यासारखं काही नसेल म्हणून बाईंनी गंमत केलीय. चौतीस वर्षं लोकांना शिकवलं, की न कळलेला शब्द तसाच पुढं जाऊ द्यायचा नाही, विचारायचं. आणि तुझा शब्द कळला नाही, तर मी वही मिटून ठेवली.

पण तू तरी कसं लिहिलंस! 'रजा, पाणी बंद' एवढं लिहायला काय हरकत होती? दोन शब्द जास्त! फ्लॉक्सची बी कुठल्या डब्यात आहे हे लिहिलंस, कुदळीचा दांडा कोण बसवून देतो हे लिहिलंस. ज्याच्यासाठी जीव टाकलास, त्याचं शास्त्र तेवढं डोक्यात ठेवलंस.

हे लिहितानाच आठवलं, की तू सांगायचीस. दर महाशिवरात्रीला संध्याकाळी तुझा फोन यायचा. "प्रकाश, आज पाणी सोडलं बघ मोगऱ्याला." मी म्हणायचो, आई, आवृत्ती जायचीय, नंतर बोलू. नंतर म्हणजे कधी ते मी कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. वर्षातून एकदा तू मला तुझी सगळ्यात मोठी बातमी द्यायचीस आणि मी ती घेतली नाही.

ललिता जायला उठली तेव्हा मी वही आणून तिला दाखवली. तिनं रजा या शब्दावर बोट ठेवलं.

"माझी धाकटी बहीण होती, शांता. दुसरीत, त्यो वर्गबी बाईकडंच व्हता," ती म्हणाली. "भूकंपात गेली. मोठे गुरुजी म्हणले, नावं कापा. बाईनं कापली न्हाईत. वर्षभर शांताच्या नावाम्होरं बाईनं रजा लिवलं."

तिच्या मुलीला हे माहीत नव्हतं.

तू हे मला का सांगितलं नाहीस, हा प्रश्न मी विचारणार नाही. मी तेव्हा आकडे विचारत होतो.

दुपारी सतीश क्लासवरून जेवायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला. म्हणाला, म्हणजे दोन वर्षं आरोपी मोगरा नव्हता, दादा, तूच होतास. मग वही घेऊन जेवणाच्या ताटाशेजारी बसला. रसायनशास्त्र शिकवतो ना, त्याला पुरावा लागतो. त्यानं पानं उलटून दरवर्षीच्या तारखा पाहिल्या, पहिल्या कळीची नोंद पाहिली, दुष्काळाच्या वर्षी तू समासात लिहिलेली ओळही त्याला सापडली. मी ती कधी वाचली नव्हती. 'रजा मोडली. प्रकाशने पाणी दिले असावे. बोलू नये, मायेने दिले.'

आमटी थंड झाली तरी दोघांपैकी कुणी जेवेना.

तर तुला माहीत होतं! मी खोटं बोललो हेही, आणि का ओतलं हेही. आणि तू बोलली नाहीस. आई, बोलायला हवं होतंस गं. तुझ्या त्या न बोलण्यानं झाडाची दोन वर्षं गेली. रागवली असतीस तर बरं झालं असतं. तुझा राग मी चौथीपासून झेललाय, त्यानं मला काही झालं नसतं.

सतीशनं जेवण झाल्यावर फरशीवाल्याला फोन केला. रविवारचं काम रद्द केलेलं नाही, तेही तुला सांगतो, कारण खोटं आता नको. अंगणात फरशी होणार, मुलींच्या गाड्या आत लागणार. पण मोगऱ्याभोवती तीन हात लांब-रुंद आळं मोकळं सोडायचं त्यानं मान्य केलंय, पुढच्या पाडव्यापर्यंत. त्यानंतरचं तेव्हा बघू म्हणाला. फुलला नाही तर तो पुन्हा विचारणार नाही, हे मला माहीत आहे. गुलखैऱ्याचे वाफे मात्र जाताहेत. ते मला वाचवता आले नाहीत. बी डब्यात आहे, गच्चीवर कुंड्यांत लावून बघेन. कुंडीत तो तुझ्या डोक्यावरून जाणार नाही, याची कल्पना आहे.

मागची खोली ललिताला दिली. जूनमध्ये ती आणि मुलगी राहायला येतील. तिनं एकच अट घातली, थंडीत मोगऱ्याजवळ बादली घेऊन मी दिसायचं नाही. सतीशची बायको म्हणाली, "ताई, आम्ही सगळे लक्ष ठेवू. भाऊजींचा भरवसा नाही." म्हणजे आता घरभर पहारा आहे माझ्यावर.

तुला शब्द देतो. येळवशीला यंदा मीही शेतात जाईन, आंबील पिऊन येईन, आणि त्या संध्याकाळपासून मोगऱ्याला पाणी घालणार नाही. पानं गळतील. काड्या दिसतील. मला राहवणार नाही, तरी घालणार नाही. तुझ्या वहीत पुढचं कोरं पान आहे, त्यावर रोज रजा लिहीन, माझ्या अक्षरात.

महाशिवरात्रीला संध्याकाळी पहिलं पाणी सोडलं जाईल. पाडव्याच्या आगेमागे कळी अपेक्षित आहे. दुजोरा ललिता देईल.

तुझा,
प्रकाश